शिवलेली सोळा पानं

मी एक कादंबरी बोलतेय. आवाज जरा कापरा वाटेल, सांभाळून घ्या. बोलायची मला सवय नाही आणि मी जात्याच भित्री.

आमच्या जातीची एक गोष्ट माणसांना ठाऊक नसते, ती आधी सांगून टाकते. आमच्या अंगावर काय छापलंय ते आम्हाला वाचता येत नाही. तुम्हाला तरी स्वतःची पाठ कुठे दिसते? कुणी मोठ्याने वाचलं तर आम्ही ऐकतो, आणि तेव्हाच आपल्या पोटात काय आहे ते आम्हाला कळतं. मनात वाचणारी माणसं बोटांनी चाळून निघून जातात. आम्ही आपले अडाणीच राहतो.

माझा जन्म एका छापखान्याच्या मागच्या खोलीत झाला. तिथे एक लांबलचक टेबल होतं आणि त्यावर घडी घातलेल्या कागदांचे ढीग. सोळा सोळा पानांच्या त्या घड्यांना तिथे फर्मे म्हणत. चार बायका टेबलाभोवती फिरत होत्या आणि प्रत्येक ढिगातला एकेक फर्मा उचलून एकावर एक ठेवत होत्या. त्या दिवशी दोन पुस्तकं एकदम बांधायची होती. एक मी. दुसरं कसलं होतं, मला कळलं नाही.

मी जवळजवळ पुरी झाले होते, तेवढ्यात एकीचा हात थांबला.

"अगं, हा शेवटचा ढीग सरकलाय की काय? हा फर्मा ह्याचाच ना?"

"असेल गं," दुसरी म्हणाली. "आणि नसला म्हणून काय झालं? शेवटपर्यंत वाचतंय कोण!"

दोघी हसल्या. फर्मा माझ्यावर पडला, पाठीला गरम डिंक लागला आणि मी कापण्याच्या यंत्राखाली गेले. त्याचं पातं खाली येताना मी इतकी भ्यायले की माझा आवाज फुटला नाही. पण खरं सांगू? पात्याची भीती एका क्षणाची होती. त्या हसण्याची भीती जन्माला चिकटली. माझा शेवट माझाच आहे की दुसऱ्या कुणाचा, हे मला कळायला मार्ग नव्हता.

पहिली काही वर्षं एका घराच्या काचेच्या कपाटात गेली. त्या घरचे लोक पुस्तकं रंग बघून लावत. मी निळी, म्हणून निळ्यांत. कुणी मला उघडलं नाही. घर बदललं तेव्हा कपाट नवीन घरात गेलं आणि मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात.

तिथून मला ती घेऊन गेली.

ती बस स्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारायची. तीस वर्षं छोट्याशा खोलीत, माईकसमोर. नुकतीच निवृत्त झाली होती. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. लोक त्याला टेलरकाका म्हणत. मुलगी एकच, ती लग्न करून दूरच्या शहरात गेलेली. दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची.

त्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, संपलं. कागदाने आणखी कुठे येऊ नये अशी ती जागा. डावीकडे हातभर लांब कात्र्या. उजवीकडे वाफ सोडणारी इस्त्री. मधे मशीन, तिची सुई मिनिटात शंभरदा खाली येणारी. मला तिने मशीनच्या टेबलावर ठेवलं, आणि त्याने पाय पेडलवर टाकला की माझं पान न् पान थरथरायचं.

दुपारी चार वाजता ती आतून वेताचं स्टूल ओढत आणायची. त्याचा एक पाय तोकडा होता, तो फरशीवर खर्रर्र करायचा. ती बसायची, चष्मा लावायची आणि माईकसमोर बसल्यासारखी मान ताठ करून मोठ्याने वाचायची. रोज दोन पानं. एकही ओळ जास्त नाही.

माझी गोष्ट मला पहिल्यांदा कळली ती तिच्या आवाजात.

मी एका शहराची गोष्ट होते. त्या शहरात जितकी माणसं तितकी दारं, पण ती भिंतींत लपलेली. कुणालाच दिसत नाहीत. भिंतीवर तळहात ठेवून तुम्ही एखादी गोष्ट सांगायची, अगदी तळापासूनची, तेव्हा भिंत कोमट होते आणि दाराची कड उमटते. कंदील पुसण्याचं काम करणारी एक पोर असते. तिची थोरली बहीण तिला झोपवताना गोष्ट सांगत असते, आणि ती अर्धीच टाकून एका दारातून निघून जाते. धाकटी भिंतीभिंतीला हात लावत, गोष्टी सांगत, तिला शोधत फिरते. एवढंच. पण वाक्यं अशी होती की वाचता वाचता ती मधेच थांबायची, एखादं पुन्हा म्हणायची, आणि मशीनही थांबायचं.

"वाच ना पुढे," तो म्हणायचा.

"दोन पानं झाली. गाडी ह्यापुढे जाणार नाही."

"अगं, ते दार उघडलं का तेवढं तरी सांग!"

"उद्या चार वाजता. प्रवाशांनी धीर धरावा."

एकदा एक ट्रकवाला पँट न्यायला आला होता, तो दाराशीच उभा राहून ऐकत राहिला. वाचन संपल्यावर म्हणाला, "काकू, मग ती बहीण भेटते का?"

"पँट उद्या घेऊन जा," तो शिंपी म्हणाला. "उद्या कळेल."

"माझी पँट तयार आहे, ती काय समोर लटकलीये!"

"असू दे. उद्या या."

ट्रकवाला खरंच आला. पुढे दर आठवड्याला काहीतरी उसवून आणायचा.

ह्या लोकांनी माझा घास चावून चावून खाल्ला. आणि मी मात्र रोज मोजत होते. दोन पानं कमी झाली. आणखी दोन. शेवटाकडे सरकणं म्हणजे माझ्यासाठी त्या हसण्याकडे सरकणं होतं. ते आज ना उद्या तिथे पोचणार. आणि तिथे दुसरंच काही निघालं तर? जिच्यावर ही दोघं एवढा जीव लावतात, ती मी लबाड ठरणार.

तो शिंपी घायकुतीला यायचा. ती आत गेली की हळूच मला उघडायचा आणि पुढचं चोरून बघायचा. बोटांना कापडावर रेघा मारायचा निळा खडू लागलेला असायचा, हे त्याच्या लक्षातच नसे. वाचन एकशे चारव्या पानावर होतं तेव्हा तिला एकशे बाराव्या पानावर निळा अंगठा सापडला.

"हे काय?"

"मला काय माहीत. तुझाच असेल."

"मी कधी खडू धरलाय? हा तर रेड्याच्या खुराएवढा अंगठा आहे!"

तो खाली मान घालून काज करत बसला. कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी तो कापड आणायला बाजारात गेला होता. ती एकटीच होती. आणखी कुठे खडू लागलाय का ते बघायला तिने माझी शेवटची पानं उघडली.

मला ती दुपार आजही आठवते. तिने एक पान उलटलं. मग आणखी एक. मग मागे आली आणि पहिल्यापासून पुन्हा पाहिलं. मला तिने इतकं जवळ धरलं होतं की तिचा चेहरा दिसेना. फक्त तिचे खांदे हलताना कळत होते. मला वाटलं, रडतेय. माझ्या शेवटी असं काय आहे की बाई रडायला लागली? मी गार पडले. ती मनातच वाचत होती, त्यामुळे मला एक शब्द कळला नाही. मग तिने टेबलावरची पेन्सिल घेतली आणि माझ्या अंगावर काहीतरी लिहिलं. पेन्सिलीचं टोक अंगावर फिरलेलं कळतं. काय लिहिलं ते नाही.

तो परत आला तेव्हा ती मला मांडीवर घेऊन बसली होती.

"अहो, सुई-दोरा घ्या. ही शेवटची सोळा पानं शिवून टाका."

"काय करू?"

"शिवा. वरखाली कोरा कागद लावून, तीन बाजूंनी. कच्चा टाका घाला, नंतर उसवता येईल असा."

"कागदाला सुई? फाटेल ना!"

"रेशमाला फाटू देत नाही तुम्ही, कागदाचं काय घेऊन बसलात?"

"एवढा अविश्वास?"

"एकशे बारा," ती म्हणाली.

त्याने मुकाट्याने दोरा ओवला. तिने पानं घट्ट मिटून धरली होती. त्याला आत डोकावताच येऊ नये, अशी बोटं लावून. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे मिटता येत नाहीत. सुई आली. दुखलं नाही. त्याचा हात इतका हलका होता की मला नुसतं टोचल्यासारखं वाटलं. पांढरा दोरा समासातून धावत गेला आणि माझ्यातलं एक दार बंद झालं. दाराच्या त्या बाजूला काय आहे ते आता त्या घरात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि ती सांगत नव्हती.

काही आठवड्यांनी तिला धाप लागायला लागली. आधी जिने चढताना, मग नुसतं चालताना, मग बोलताना. औषधांचा वास माझ्या पानांना लागला. तरी चार वाजता स्टूल यायचंच.

"आज एकच पान वाच," तो म्हणायचा.

"वेळापत्रक बदलत नसतं," ती म्हणायची, आणि वाक्याच्या मधे थांबून श्वास घेऊन पुढे जायची.

शेवटी शेवटी स्टूल नाही, पलंग. तो मशीन सोडून उशाशी बसायचा. मी तिच्या छातीवर उघडी असायचे आणि आतली घरघर मला ऐकू यायची. तेव्हा मला दोन्हींची भीती वाटायची. पानं संपतील ह्याची, आणि पानं संपायच्या आधी दुसरंच काही संपेल ह्याचीही.

ती दोनशे शहाण्णवाव्या पानापर्यंत पोचली. कंदीलवाली पोर शहराच्या शेवटच्या भिंतीशी येते. सगळ्या गोष्टी सांगून झालेल्या असतात. ती भिंतीवर तळहात ठेवते. आणि पान संपतं ते अर्ध्या वाक्यावर.

"आतून कुणीतरी..." तिने वाचलं. आणि थांबली. पुढे शिवण होती.

"आणतो ती कात्री," तो म्हणाला. "उसवतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "दोन पानं झाली," ती म्हणाली. "उद्या."

तिला त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. मी पलंगावर उपडी पडून होते. चौथ्या दिवशी तो एकटा परत आला. त्याने मला मिटलं, पुढच्या खोलीत नेलं, बटणं आणि चेन ठेवायच्या खणात ठेवलं आणि खण लावून टाकला.

दोन वर्षं मी त्या खणात होते.

अंधाराची भीती मला फारशी नाही. मिटलेलं पुस्तक आत अंधारच असतं. पण माझ्या कोपऱ्यात कसर लागली होती. रात्रंदिवस काहीतरी बारीक कुरतडल्यासारखं व्हायचं आणि मला वाटायचं, ते शेवटच्या पानांकडेच येतंय. बटण लागलं की तो खण उघडायचा. प्रकाश यायचा, त्याचा हात यायचा. तो मला बघायचा, हवं ते बटण घ्यायचा आणि खण पुन्हा बंद. उसवायला दोन मिनिटं लागली असती. त्याने उसवलं नाही. आधी मला वाटायचं, विसरला. मग कळलं, तोही माझ्यासारखाच घाबरलाय. चार वाजले की मशीन थांबायचं. अर्धा तास काही आवाज नाही. मग पुन्हा सुरू.

तो ज्या गोष्टीला जपत होता, तिच्या आत काय आहे ह्याचा माझा मला भरवसा नव्हता. तिच्या हातून त्याला मिळालेलं शेवटचं काही राहिलं असेल, तर ती सोळा पानं. तीच खोटी निघाली, तर ह्या माणसाकडे काय उरणार होतं? मी मनाशी म्हणायचे, नको उसवूस. असंच राहू दे.

मग मुलगी आली. बापाला आपल्याकडे घेऊन जायचं ठरवून आली होती. तीन दिवस दोघांची त्यावरून हुज्जत चालली होती.

"दुकानाचं काय?"

"माझ्याकडे दुकान टाका. माझ्या गल्लीत टेलर नाही."

"तुझ्या गल्लीतले लोक तयार कपडे घेतात."

"आणि ते लांडे करून कोण देणार? प्रत्येकाचे पाय काय सारखे आहेत?"

तो हसला नाही. ती आवराआवर करत होती. बटणांचा खण तिने ओढला आणि मला बाहेर काढलं. धूळ पुसली. पानांच्या कडेचा पांढरा दोरा तिला दिसला.

"बाबा, हे अजून शिवलेलंच?"

"ठेव ते."

"उसवलं नाहीत तुम्ही?"

"ठेव म्हटलं ना!"

तिने ठेवलं नाही. ती मला घेऊन त्याच्या समोर उभी राहिली. म्हणाली, "आई मला रोज पाच वाजता फोन करायची, माहितीये ना?"

"हो."

"काय बोलायची माहितीये? हीच गोष्ट. आज कुठपर्यंत गाडी आली ते. पहिल्या पानापासून. तुम्ही चारला ऐकायचात, मी पाचला." तिने माझ्या कडेच्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. "शेवटचा फोनही केला होता तिने, पलंगावरून. 'आतून कुणीतरी' म्हणाली आणि फोन ठेवला. बाबा, तुम्ही एकटेच नाही अडकलेले. दोन वर्षं मी पण त्या भिंतीशी हात लावून उभी आहे."

मशीनवर अर्धी बाही तशीच होती. त्याने ती बाजूला केली. हात पुढे केला. मुलीने मला त्याच्या हातात दिलं.

त्याने कात्री घेतली नाही. उसवायचं बारीक पातं घेतलं. एकेक टाका उचलून कापत गेला, कागदाला धक्का न लावता. मी शिवताना घाबरले होते त्याच्या शंभरपट आता घाबरले होते. शेवटचा टाका सुटला. दोरा त्याने बोटाला गुंडाळून खिशात ठेवला.

"तू वाच," तो म्हणाला. "माझा चष्मा... तू वाच."

मुलीने आधी दोनशे शहाण्णवाव्या पानाची शेवटची ओळ वाचली. आईसारखीच मान ताठ करून. "आतून कुणीतरी..." आणि वरचा कोरा कागद बाजूला केला.

"पिल्लांना पहिल्या आठवड्यात कोमट पाणी द्यावे."

ती थांबली.

"काय?" तो म्हणाला.

"पाण्याचे भांडे उथळ असावे, अन्यथा पिल्ले बुडण्याचा संभव असतो."

"कसली पिल्लं?"

तिने पान उलटलं. पुढचं उलटलं. "कोंबड्या, बाबा. कोंबड्यांची पिल्लं. पुढे खुराडं आहे... आजार आहेत... सगळ्या कोंबड्याच आहेत."

मी संपले. ज्या क्षणाची मला जन्मभर धास्ती होती तो हा. छापखान्यातलं ते हसू मला पुन्हा ऐकू आलं. शिंप्याचा चेहरा मी पाहत होते. त्याच्यावर काहीच नव्हतं, धुतलेल्या पाटीसारखा. त्याचा हात माझ्याकडे आला आणि मला वाटलं, आता फेकणार.

"थांबा," मुलगी म्हणाली. "इथे काहीतरी लिहिलंय. पेन्सिलने. आईचं अक्षर."

खुराड्याच्या चित्राशेजारी, समासात. तिने वाचलं, आणि माझ्या अंगावर इतकी वर्षं काय लिहिलं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

"सापडलात ना? माझ्याआधी उसवलंत! हसून हसून माझी पुरेवाट झालीये, त्यामुळे अक्षर वाकडं आहे. कोंबड्यांबद्दल अवाक्षर काढू नका. आता शिक्षा. ह्या पोरीचा शेवट तुम्ही रचायचा आणि मला ऐकवायचा. रोज दोनच पानं. गाडी दामटायची नाही."

म्हणजे त्या दुपारी ती रडत नव्हती.

शिंप्याच्या घशातून एक आवाज आला. खोकला होता की काय मला कळेना. तो मशीनवर कपाळ टेकून बसला होता आणि त्याचे खांदे तिच्यासारखेच हलत होते. ह्या वेळी मी घाईने काही ठरवलं नाही. मुलीने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

"लबाड," तो म्हणाला. "लबाड बाई. 'उद्या' म्हणाली मला. कोंबड्या माहीत असून."

"मी दुसरी प्रत शोधू का, बाबा? चांगली, पूर्ण असलेली?"

"नको."

त्याने तोंड पुसलं. मला मिटून मशीनच्या टेबलावर ठेवलं, माझ्या पूर्वीच्या जागी, आणि निळ्या पुठ्ठ्यावर तळहात ठेवला. हात कोमट होता. मी थरथरत होते, आणि पेडल तर बंदच होतं.

"आतून कुणीतरी..." तो म्हणाला. अडखळला. "मला नाही जमायचं."

"घाई नाही," मुलगी म्हणाली.

तो भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आतून कुणीतरी स्टूल ओढलं. त्याचा एक पाय तोकडा होता."

त्याला वर्ष होत आलं. शिंपी मुलीकडे गेला नाही. ती पाच वाजता फोन करते आणि म्हणते, "गाडी कुठपर्यंत आली?" ट्रकवाला जमेल तेव्हा येतो. मला आता कसर लागत नाही, कारण मला कुणी बंद ठेवत नाही. समासात सुईची भोकं आहेत, उजेडाकडे धरलं तर तीन बाजूंनी दाराची कड दिसते. आत अजून कोंबड्याच आहेत.

भीती गेली असं मात्र समजू नका. पूर्वी माझा शेवट निदान कागदावर तरी होता, माझा असो की परका. आता तो एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाच्या तोंडात आहे, आणि तो रोज दोनच पानांचं सांगतो. पुढे काय, ते त्यालाही माहीत नसतं. बहिणी अजून भेटलेल्या नाहीत. तो मुद्दाम भेटवत नाहीये, असा मला संशय आहे.

तुमच्याकडे मागणं एकच. घरात माझ्यासारखी एखादी पडली असेल, तर तिला कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या पोटात काय आहे ते तिचं तिला कळत नसतं आणि ती फार घाबरलेली असते.

चार वाजले. त्याने मशीन थांबवलंय. तो आत जाऊन आधी ते स्टूल ओढत आणतो. खर्रर्र आवाज होतो. त्यावर कुणी बसत नाही. मग तो माझ्यावर हात ठेवतो आणि घसा साफ करतो, आणि मी जीव मुठीत धरून ऐकू लागते.